दहा हात साफ

गहिनीनाथच्या रानात हरळीची एक काडी सापडली असती तर त्या दिवशी त्याला घास गेला नसता. मांजरसुंब्याच्या घाटावर, जिथे दगड वेचता वेचता माणसं म्हातारी होतात, तिथे त्याचं रान सारवलेल्या अंगणासारखं असायचं. बांधावर गवत नाही, ज्वारीच्या ताटांच्या बुडाशी तण नाही. लोक म्हणायचे, हा पेरायच्या आधी रानाची वेणीफणी करतो. तो हे ऐकून खूश व्हायचा. टिंगल कुठली आणि कौतुक कुठलं हे कळायला मनात थोडी खोट असावी लागते, ती त्याच्याकडे नव्हती.

स्वच्छता वाईट असं कोण म्हणेल? पण एखाद्या गुणाचा गर्व झाला की माणूस भलत्या कागदावर अंगठा उठवून बसतो. गहिनीनाथने तो आपल्याच रानात, आपल्याच बांधाशी, हसत हसत उठवला.

निजामाच्या राज्यातला, फसली सन तेराशे पंचवीसचा तो कार्तिक. जंगलात खात्याचा, म्हणजे वनखात्याचा, दरोगा गावात आला. बरोबर एक कारकून, एक शिपाई आणि पत्र्याच्या चकत्यांची पिशवी. चंदनाचं झाड कुणाच्याही रानात उगवो, ते सरकारचं, असा हुकूम होता. गहिनीनाथच्या बांधालगत एक होतं, दोन पुरुष उंचीचं, मांडीएवढ्या खोडाचं. ते कुणी लावलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा पाखराने बी टाकलं, तरवडाच्या झुडपात ते उगवलं, आणि गहिनीनाथच्या बापाने "देवाच्या कपाळाचं झाड हाय, ऱ्हाऊ दे" म्हणून राहू दिलं. बाप गेल्यावर गहिनीनाथने त्याच्याकडे फारसं पाहिलंही नव्हतं. वास म्हणावा तर पानाला नाही, फुलाला नाही, सालीलाही नाही. वास असतो तो गाभ्यात, आणि गाभा भरायला तीस वर्षं लागतात.

शिपायाने झाडाला तारेने चकती बांधली. नंबर एकेचाळीस.

"देखो गहिनीनाथ," दरोगा म्हणाला. माणूस वाईट नव्हता, हैदराबादेकडचा होता आणि मराठी जपून बोलायचा. "झाड तुझ्या रानात आहे, म्हणून जिम्मेदार तू. चोरी झाली, वाळलं, कुणी कुऱ्हाड लावली, तर जेलात तू. दर अवसेला चावडीवर येऊन झाड सलामत आहे म्हणून सांगायचं. गावाबाहेर रात्रीचा मुक्काम करायचा नाही. आणि झाडाच्या भोवती जरा साफ ठेव."

एवढ्यावर गप्प बसायला काय हरकत होती? पण साफ हा शब्द कानावर पडला आणि गहिनीनाथ फुलला.

"जरा कावून साहेब? दहा हात साफ ठिवतो. दहा हातात गवताची काडी दिसली तर मला धरा."

दरोग्याला असा माणूस पहिल्यांदाच भेटला असावा. त्याने कारकुनाला सांगितलं, "लिहा. चारी बाजूंनी दहा हात, काडीसुद्धा नाही." कारकुनाने मुचलक्यात, म्हणजे लिहून द्यायच्या हमीत, ते उर्दूत लिहिलं, वाचून दाखवलं, आणि गहिनीनाथने शाईत अंगठा बुडवला. बायको छबुबाई विहिरीपाशी उभी होती. तिला त्या अंगठ्याचं काही बरं वाटलं नाही, पण परक्या माणसांपुढे ती बोलत नसे.

घाटाखालच्या एका गावात अशाच एका नंबराचं झाड चोरीला गेलं होतं आणि त्याचा मालक वर्षभर बीडच्या जेलात राहून आला होता. आल्यापासून तो माणूस ओट्यावर बसून असायचा, कुणी हाक मारली तरी दचकायचा. गहिनीनाथने त्याला पाहिलं होतं. त्यामुळे दरोग्याची पाठ फिरताच त्याने कुदळ घेतली.

चार दिवसांत झाडाभोवतीचं तरवड गेलं, बोरीची झुडपं गेली, तुरीच्या दोन ओळी शेंगांसकट गेल्या. वरवर कापायचं काम तो करत नसे. खणून, मुळं वेचून, माती चाळल्यासारखी करून तो पुढे सरकायचा. मग दोरीने दहा हात मोजून गोल आखला, आत शेणखत घातलं, आळं केलं आणि विहिरीवरून रोज सहा घागरी पाणी वाहिलं. बांधापलीकडे बिभीषणचं रान होतं, तेवढी बाजू सोडून बाकी सगळा गोल हाताच्या तळव्यासारखा उघडा झाला. त्याच्या मधोमध ते झाड एकटं उभं राहिलं.

तेव्हापासून तो कुठे गेला नाही. लेक मुक्ता गेवराईला दिलेली. तिच्या पहिल्या पोराच्या जावळाला तो गेला नाही, विहीण वारली तेव्हा गेला नाही. छबुबाई एकटी जायची आणि दोघांच्या वतीने रडून किंवा जेवून यायची. "तुमचं मालक आलं न्हाईत?" असं कुणी विचारलं की ती सांगायची, "त्येंनी झाड राखायला घेतलंय." लोकांना वाटायचं आंब्याचं असेल.

पुढच्या पावसाळ्यात झाड पिवळं पडायला लागलं.

पाणी होतं, खत होतं, ऊन होतं, आणि पानं मात्र हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी. शेंडे वाळू लागले. गहिनीनाथने घागरी सहाच्या दहा केल्या. कुणी सांगितलं ताक घाला, त्याने ताक घातलं. कुणी सांगितलं राख घाला, नजर उतरवा, शेजाऱ्याने करणी केली असेल. सांगणाऱ्याला काय, तोंड असतं. झाड जितकं वाळेल तितका तो गोल जास्त साफ करायचा. आपोआप उगवलेला तुरीचा एक कोंबसुद्धा तो दोन पानांवर असतानाच उपटायचा, जणू त्या कोंबानेच सगळं पाणी पिऊन टाकलं होतं.

कार्तिकात दरोगा आला. गोलाभोवती फिरला. खरोखर एक काडी नव्हती. मग त्याने वर पाहिलं.

"साफ तर बराबर आहे. पिवळं काय म्हणून?"

"साहेब, मी पोटच्या पोराला केलं नसतं एवढं केलं," गहिनीनाथ म्हणाला.

"पुढच्या साली हे वाळलेलं दिसलं तर मला केस करावी लागेल. मुझे भी ऊपर जवाब देना है." त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि तो निघून गेला.

त्या हिवाळ्यात गहिनीनाथ निम्मा झाला. पळून जावं तर जमीन जाते. झाड तोडावं तर जेल, न तोडावं तर ते आपण होऊन मरतंय. तो झाडाखाली बसून राहायचा. वर बघायचा, खाली बघायचा, आणि खुरपं घेऊन जिथे काहीच नाही तिथे खुरपायचा. छबुबाईला त्याचा राग यायचा आणि रागापेक्षा जास्त भीती वाटायची. हा माणूस जेलात गेला तर परत येईल तो हा नसेल, हे तिला ठाऊक होतं.

फाल्गुनातल्या एका सकाळी भाकरी घेऊन आलेली असताना तिचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. झाड सगळीकडून सारखं पिवळं नव्हतं. बिभीषणच्या बांधाकडची एक फांदी हिरवी होती. चांगली हिरवी, कोवळ्या पानांची.

"अवं, हिकडची फांदी बगा."

"बगितली. उनाची बाजू हाय ती."

"ऊन तर समद्या रानाला हाय."

तो उठला नाही. तिने त्याच्या हातातलं खुरपं काढून घेतलं, त्या बाजूला बसली आणि खोडापासून माती उकरू लागली. त्याने "मुळाला इजा करू नगं" म्हणून आरडाओरडा केला, तिने ऐकलं नाही. एक मूळ करंगळीएवढं जाड, सरळ बांधाकडे चाललं होतं. बांधाचे दगड तिने एकेक करून बाजूला केले. मूळ बांधाखालून पलीकडे गेलं होतं, आणि पलीकडे बिभीषणची बाभूळ होती.

दगडाखालच्या ओल्या मातीत तिला ते दिसलं. बाभळीचं काळसर मूळ आणि त्याला चिकटलेलं हे फिकट. जिथे जिथे दोघं भेटत होती तिथे वाटाण्याएवढी एक गाठ, बैलाच्या कानाला गोचीड डसावी तशी घट्ट. तिने ओढून पाहिलं, सुटली नाही. मग खुरप्याच्या टोकाने एक गाठ चिरली. चंदनाचा पांढरा गर बाभळीच्या मुळात पाचरीसारखा आत घुसला होता.

ती बराच वेळ त्याकडे बघत बसली. मग तिने नवऱ्याला बोलावलं आणि तो आल्यावर बाजूला सरकून जागा दिली.

"हे बाभळीचं पितंय," ती म्हणाली. "आपल्या दहा घागरी ह्येला कामाच्या न्हाईत. एकट्याच्या मुळावर ह्येचं भागत न्हाई. आदी तरवडाचं पीत आसंल, तुरीचं पीत आसंल. ती तुमी काडली."

गहिनीनाथने गाठीला बोट लावलं. मग तो खवळला.

"देवाच्या कपाळाला लावत्यात ह्येला. आन् हे दुसऱ्याच्या ताटातलं खातंय? ह्या चोरापायी मी लेकीच्या घरी गेलो न्हाई?"

"चोर आसू द्या न्हाईतर साव. जगलं पायजे."

"मग आता पुन्ना तूर लावू म्हणतीस? दहा हातात?" आणि एवढं बोलून तो खाली बसला. दहा हातात काडीसुद्धा नाही. ते त्यानेच सांगितलं होतं, त्यानेच लिहून दिलं होतं. पाळावं तर झाड मरतं, मोडावं तर मुचलका मोडतो. कुणी दुसऱ्याने पकडलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्यातच छबुबाईला दुसरी गोष्ट आठवली. बिभीषण ही बाभूळ तोडणार होता. पाडव्याच्या आत. आणि ती तोडावी म्हणून तीन वर्षं पंचांपुढे भांडला होता तो गहिनीनाथच. बाभळीची सावली पिकावर पडते, काटे पडतात, मुळं बांधात शिरतात, बांध घाण दिसतो. शेवटी कंटाळून पंचांनी बिभीषणला सांगितलं की बाबा, तोड एकदाची आणि ह्याचं तोंड बंद कर.

पाडवा नऊ दिवसांवर होता.

बिभीषण ओट्यावर कुऱ्हाडीला धार लावत होता. शेजारी सुताराने बाभळीतून काढायच्या जोखडाचं माप दोरीला गाठ मारून ठेवलं होतं. गहिनीनाथला अंगणात पाहून त्याने हात थांबवला नाही.

"तोडतो बे. घाई कावून? पंचानी पाडव्यापातुर सांगितलंय."

"तोडू नगं."

धार लावणं थांबलं. "काय म्हन्ला?"

"तोडू नगं म्हन्लो. ऱ्हाऊ दे."

"तीन वरसं तू माजं डोस्कं खाल्लंस. पंचापुडं मला घाणेरडा म्हन्लास. आन् आता ऱ्हाऊ दे?" बिभीषण कुऱ्हाड बाजूला ठेवून उभा राहिला. "काय भानगड हाय, खरं सांग. न्हाईतर उद्या सकाळीच घालतो."

खरं सांगण्यात काय धोका आहे हे गहिनीनाथला वाटेतच कळलं होतं. एकदा सांगितलं की आपली मान त्याच्या हातात. उद्या बांध सरकवला, बैल घातले, तरी बोलायची सोय नाही. पण न सांगता चालणार नव्हतं. त्याने सांगितलं. पिवळी पानं, हिरवी फांदी, मुळाच्या गाठी, दहा हात, सगळं. सांगताना तो बिभीषणकडे न बघता जोखडाच्या दोरीकडे बघत होता.

बिभीषण आधी हसला. पोट धरून हसला. "म्हंजी सरकारच्या झाडाला माजी बाबळ पाजतीया? आन् नंबर तुला?" मग गहिनीनाथचं तोंड पाहून त्याचं हसू आपोआप विरलं. त्याने कुऱ्हाड घरात नेऊन ठेवली.

"जा. न्हाई तोडत."

"तुला काय पायजे?"

"मला काय न्हाई. तू रोज सकाळी बांधावर यून माज्या बाबळीकडं बगशील न्हवं? तेवडंच बास मला."

गहिनीनाथ घरी आला आणि त्याने छबुबाईला हे जसंच्या तसं सांगितलं. जेलात जाणं बरं असं त्याला त्या क्षणी वाटलं. खरोखर वाटलं.

पण छबुबाईचं डोकं पुढे चाललं होतं. तिने दोरी घेतली, झाडापासून दहा हात मोजले आणि अकराव्या हातावर काठी रोवली. "मुचलक्यात दहा हात लिवलंय. अकराव्याचं काय लिवलंय?" अकराव्या हातावर दोघांनी गोल तूर टोकली, मधे मधे हादगा लावला, आणि त्या दहा घागरी आता तिकडे घातल्या. बांधाखालून सात हात गेलेलं मूळ अकरा हातही जाईल, असा तिचा हिशोब होता.

चैत्रात ते मरणाला टेकलेलं झाड फळांनी लगडलं. असं होतं. जगायची खात्री नसली की झाड सगळा जीव बियांत ओततं, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. काळी, करवंदाएवढी फळं, आणि त्यांवर दिवसभर बुलबुलांचा गोंधळ. पाखरं खायची आणि उडून जायची. गहिनीनाथला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. तो पानं बघत होता. ज्येष्ठात शेंडे फुटले. श्रावणात झाड हिरवं झालं. भाद्रपदात दोघं त्याखाली बसून पहिल्यांदा पोटभर जेवली.

आणि त्याच दिवशी तुरीच्या ओळीत छबुबाईला ती रोपं दिसली. गुळगुळीत, समोरासमोर पानं. ओळखायला वेळ लागला नाही. तिने मोजली, सोळा होती.

सोळा झाडं, सोळा चकत्या, सोळा गोल. त्या गोलांत रान संपून गेलं असतं.

"नंबर पडायच्या आदी ते गवतच की," गहिनीनाथ म्हणाला. खुरपं त्याच्या हातात होतंच. त्या दिवशी त्याने आयुष्यातलं सगळ्यात चोख खुरपणं केलं. एकेक रोप मुळासकट, तुरीच्या मुळाला लागलेली गाठ नखाने तोडून. सोळावं उपटून तो उठला आणि त्याची नजर बांधापलीकडे गेली. बाभळीच्या सावलीत आणखी तीन होती. बिभीषणच्या रानात. बिभीषण तण कधी बघत नसे, त्याला ती कधीच दिसली नसती. कार्तिकात दरोग्याला मात्र दिसली असती.

पडू दे त्यालाही नंबर, असं गहिनीनाथच्या मनात आलं. कळू दे रोज सकाळी कुणाच्या तरी झाडाकडे बघणं म्हणजे काय. तो विचार त्याने मनात नीट घोळवला, आणि मग त्याला आपलीच किळस आली. बांध ओलांडून तो बिभीषणच्या रानात उतरला आणि खुरपायला बसला.

"माज्या रानात काय करतोस बे?" मागून आवाज आला.

गहिनीनाथने मूठ उघडून ती तीन रोपं दाखवली. बिभीषणने त्यांच्याकडे पाहिलं, मग वर झाडाच्या चकतीकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. तो शेजारी बसला. उरलेला दिवस दोघांनी मिळून बाभळीखालचं सगळं तण काढलं. त्यानंतर महिनाभर तिघंही रोज रान पायाखाली घालत होती, बोटभर जागा न सोडता.

घरात कोण बघतंय?

कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दरोगा आला. झाड पाहून त्याचा चेहरा खुलला. सगळ्या चंदनांत हे अव्वल, असं त्याने कारकुनाला लिहायला लावलं. "झाड फळलं असणार, मग रोपं कशी नाहीत?" असं त्याने एकदा विचारलं, आणि "पाखरं खात्यात साहेब," असं बिभीषणने तोंड वर करून सांगितलं. मग आनंदाच्या भरात गहिनीनाथने साहेबांना दूध प्यायला घरी नेलं, बरोबर बिभीषणही आला.

छबुबाईने ओसरीवर घोंगडी टाकली. कोपऱ्यात तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. मुक्ताला आठवा सरत आला होता आणि गेवराईच्या घरात आता बाईमाणूस उरलं नव्हतं, म्हणून झाडाची पाहणी उरकली की उद्या पहाटे ती निघणार होती. बाळंतविडा, जुनी मऊ लुगडी, डिंकाचे लाडू.

दरोगा दूध पिऊन उठला आणि अंगणातल्या तुळशीवृंदावनापाशी थांबला. काव लावलेलं, रांगोळी काढलेलं, अजून उसाची धाटं टेकवलेली. तुळशीच्या बुडाशी मंजिऱ्या पडून उगवलेली पोरंसोरं दाटली होती आणि त्यांत वीतभर उंचीचं एक रोप होतं. गुळगुळीत पानांचं. छबुबाई त्याला चार महिने नकळत रोज सकाळी पाणी घालत होती.

"ये तो संदल है," दरोगा म्हणाला, आणि चंदन सापडल्याचा त्याला मनापासून आनंद झाला. "चकती आणा."

बेचाळीस. रोप इतकं लहान की चकती वृंदावनाच्या कोनाड्यात खिळ्याने ठोकावी लागली. कारकुनाने मागचा मुचलका काढला आणि तोच मजकूर उतरवायला घेतला. चारी बाजूंनी दहा हात, काडीसुद्धा नाही. शिपाई दोरी घेऊन मोजू लागला. एका बाजूला दोरी गोठ्याच्या आत गेली. दुसऱ्या बाजूला ओसरी ओलांडून, माजघराच्या उंबऱ्यावरून, थेट चुलीपाशी जाऊन थांबली. चुलीवर कालवण रटरटत होतं.

"साहेब, हे घर हाय," गहिनीनाथ म्हणाला.

"मला दिसतं. पण तुझ्याच शर्तीने एकेचाळीस अव्वल झालं ना? घर जरा सरकून बांध. छे महिने की मोहलत देतो." तो चेष्टा करत नव्हता. "आणि पहिल्यांदा ही तुळस काढा."

तेव्हा छबुबाई चुलीपासून उठून अंगणात आली. परक्या माणसांपुढे तोंड न उघडणारी बाई, ती दरोग्यासमोर उभी राहिली.

"तुळस काडली तर हे आठ दिवसांत मरंल," ती म्हणाली. "साफ ठिवलं की मरतं हे. ह्येला दुसऱ्याचं मूळ लागतं." आणि तिने बोटाने वृंदावनातली माती बाजूला करून त्याला ती गाठ दाखवली. मोहरीएवढी होती, पण होती.

दरोगा गुडघे टेकून बसला. त्याने गाठ पाहिली, बोटाने हलवली. हुशार माणूस होता. तो पुन्हा रानात गेला, बांधाचे दगड काढायला लावले आणि परत येऊन विचारलं, "ती बाभूळ कुणाची?"

बिभीषणने हात वर केला.

"तुम्ही खरं सांगितलं, म्हणून मागचा मजकूर रद्द करतो," दरोगा म्हणाला, आणि गहिनीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. "साफ करायचं नाही. आता असं लिहा. झाडाने जे धरलंय ते हलवायचं नाही. बाभूळ तोडायची नाही, तिचा जिम्मेदार बिभीषण. तुळस काढायची नाही. घर आहे तसं ठेवायचं, भिंतसुद्धा पाडायची नाही." मग त्याने छबुबाईकडे पाहून आदराने विचारलं, "बाई, तुळशीला पाणी कोण घालतं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"तर लिहा. बेचाळीसची जिम्मेदार छबुबाई. पाणी रोज तिच्याच हाताने. रात्रीचा मुक्काम तिघांचाही गावाबाहेर नाही."

शाईची डबी फिरली. आधी बिभीषण, मग गहिनीनाथ, मग छबुबाई. तिने आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी अंगठा उठवला.

दरोगा गेला. बिभीषण वृंदावनाच्या कट्ट्याला टेकून अंगठा जमिनीवर घासत बसला. छबुबाईने गाठोडं सोडलं. लुगडी वलणीवर टाकली, लाडवांचा डबा फडताळात ठेवला. मग तांब्या भरून अंगणात आली. पाणी घालायला वाकली आणि हात तसाच राहिला. नाही घातलं तर ते रोप मरेल, पण तुळस मेल्याशिवाय मरणार नाही. तिने पाणी घातलं.

"मुक्ताच्या बाळतपणाला कोण जाणार?" तिने विचारलं.

तिघांच्याही अंगठ्यांची शाई अजून निघाली नव्हती.